पितळेचा भाव आणि निवडणाऱ्याचे श्रम

(बंगळूर येथे मोड व भंगाराचे काम करणाऱ्या कामगारांच्या अभ्यासवर्गात मराठी भाषक श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजच्या वर्गात मला पितळेच्या मोडीवर बोलायला सांगितले आहे. विषय लहान वाटेल. पण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरची चूल याच मोडीवर पेटते, आणि एका पोत्याला मिळणारा भाव कमी-जास्त झाला की मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून औषधापर्यंत सगळ्याला कात्री लागते. म्हणून विषय लहान नाही.

मी मूळचा बेळगावचा. उद्यमबागेतल्या एका लहानशा ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी केली, मग पोटासाठी बंगळूरला आलो आणि पीण्यात लेथवर बरीच वर्षे काढली. कारखाना बंद पडला तेव्हा मोडीच्या धंद्यात उतरलो. त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट आधी सांगतो.

आमच्या वस्तीत एक अक्का होत्या. घरोघरी फिरून जुने नळ, कुलपे, स्टोव्हचे भाग, बिजागऱ्या घ्यायच्या. तीन महिने त्यांनी पितळ विकले नाही, साठवले. मुलीच्या शाळेची फी भरायची होती. पोते भरल्यावर त्या मला सोबत घेऊन जॉली मोहल्ल्यात गेल्या. व्यापाऱ्याने पोते ओतले, खिशातून लोहचुंबक काढले आणि ढिगाऱ्यावरून फिरवले. एका नळाला ते चिकटले. दुसऱ्याला चिकटले. तो म्हणाला, "यात लोखंड आहे. हा माल मिसळ." झाले. सगळ्या पोत्याचा भाव खाली आला. अक्कांनी माझ्याकडे पाहिले. मी लेथवरचा माणूस. मला दिसत होते की चुंबकाला चिकटला तो नळ नव्हे, नळाच्या मुठीतला दोन ग्रॅमचा लोखंडी स्क्रू. पण तो दोन ग्रॅमचा स्क्रू आम्ही घरी काढला नव्हता. म्हणून त्याची किंमत वीस किलोंवर बसली. फी त्या महिन्यात भरली गेली नाही.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे. मोडीच्या धंद्यात माल जसा हातोहात वर जातो, तसा प्रत्येक हात तो थोडा थोडा निवडतो. वेचणारा निवडतो, गुजरीचे दुकान निवडते, घाऊक व्यापारी निवडतो, शेवटी भट्टीवाला निवडतो. जो निवडतो, तो फरक खिशात घालतो. व्यापारी तुमचे मिसळ पोते घेतो म्हणजे ते तसेच भट्टीला पाठवत नाही. त्याच्याकडे मजूर बसवून निवडून घेतो आणि निवडलेल्या भावाने विकतो. तेव्हा प्रश्न एवढाच आहे की ते निवडण्याचे काम, आणि त्याचा मोबदला, कोणाकडे राहावा.

पितळ म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पण पितळ एक नाही, अनेक आहेत. काडतुसाच्या पितळेत साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. लेथवर चालणाऱ्या सळईच्या पितळेत तांबे ६० च्या आसपास, जस्त ३५ ते ३७, आणि कीस तुटून बारीक पडावा म्हणून ३ भागांच्या आसपास शिसे घातलेले असते. तांबूस पितळेत तांबे ८५ पर्यंत जाते. याशिवाय गनमेटल असते. त्यात तांब्याबरोबर कथील असते आणि थोडे जस्त. जुने वॉल्व्ह, पंपाचे भाग, बुश पुष्कळदा गनमेटलचे असतात. तांबे महाग, जस्त त्यापेक्षा बरेच स्वस्त, कथील तांब्याहूनही महाग. म्हणून तांबूस माल पिवळ्यात टाकलात तर तुम्ही पैसे फुकट दिलेत. आणि पिवळ्यात जस्ताचा माल राहिला तर तुमचे सगळेच पितळ बदनाम झाले.

भट्टीवाल्याला हा भेद का लागतो? कारण त्याला विशिष्ट मिश्रणाची सळई किंवा वस्तू काढायची असते. जामनगरला पितळेच्या बारीक भागांचा मोठा उद्योग आहे, मुरादाबादला भांड्यांचा आणि शोभेच्या वस्तूंचा. मुशीत लोखंड गेले तर पितळेत कठीण खडे राहतात, लेथचे हत्यार मोडते. ॲल्युमिनियम गेले तर ओतीव माल खराब निघतो. एकदा वितळल्यावर हे बाहेर काढणे अवघड आणि खर्चाचे. म्हणून तो शंकेचे पैसे कापतो. माल जितका ओळखीचा, तितकी शंका कमी, तितका भाव जास्त. जगभरच्या व्यापारात पिवळ्या पितळेच्या मोडीला 'हनी' म्हणतात. आपल्या बंदरांतून येणाऱ्या मालावरही हेच नाव चालते. इथे बंगळुरात कोणी हित्ताळे म्हणेल, कोणी पीतल म्हणेल. नाव काहीही असो, व्यापारी विचारतो ते एकच: आत काय आहे, याची खात्री आहे का?

आता पारख कशी करायची ते क्रमाने सांगतो.

पहिले हत्यार लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला तुकडा चालतो, फुकट मिळतो. प्रत्येक वस्तूला सगळ्या बाजूंनी लावा. चिकटले तर वस्तू फेकू नका. कुठे चिकटते ते बघा. स्क्रू, पिन, स्प्रिंग, आतला दांडा असेल. तो काढा. सबंध वस्तूच चिकटत असेल तर ते लोखंडावर चढवलेले पितळेचे पाणी आहे, म्हणजे लोखंडच.

दुसरे हत्यार कानस. चकचकीत नळ, मुठी, शॉवर यांवर निकेल-क्रोमचा मुलामा असतो. मुलाम्याखाली काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. न दिसणाऱ्या बाजूला कानशीने एक ओरखडा मारा. पिवळे दिसले तर पितळ. करडे, पांढरट दिसले तर ते जस्ताचे ओतीव आहे. आपल्या भाषेत लबाडी उघडकीला आली की 'पितळ उघडे पडले' म्हणतात. आपल्या धंद्यात उलट होते. इथे पितळ उघडे पडले तर आनंदच, जस्त उघडे पडले की नुकसान. हल्लीच्या स्वस्त नळांच्या मुठी पुष्कळदा जस्ताच्या असतात आणि अंग पितळेचे. दोन्ही वेगळे करा.

तिसरे हत्यार डोळा. कानशीच्या ताज्या ओरखड्यावर रंग बघा, जुन्या काळ्या पृष्ठभागावर नाही. लख्ख पिवळा असेल तर साधे पितळ. लालसर-गुलाबी असेल तर तांब्याकडे झुकणारा माल किंवा गनमेटल. अगदी लाल असेल तर तांबे. शंका असेल तर एक ओळखीचा तुकडा शेजारी ठेवून ताडून पाहा. माझ्या पेटीत चार तुकडे कायम असतात: तांबे, गनमेटल, पितळ, जस्त. शाळेतल्या पट्टीसारखे.

चौथी पारख पाण्याची. वजनकाटा आणि मापाचे भांडे असेल तर ही घरी करता येते. वस्तूचे वजन ग्रॅममध्ये घ्या. मग ती पाण्यात पूर्ण बुडवा आणि पाणी किती मिलिलिटरने चढले ते बघा. वजनाला त्या आकड्याने भागा. साडेआठच्या आसपास आले तर पितळ. साडेसहा-सातच्या मध्ये आले तर जस्ताचे ओतीव. पावणेतीनच्या आसपास आले तर ॲल्युमिनियम. अकराच्या वर गेले तर शिसे. म्हणजे १०० मिलिलिटर पाणी हलवणारा पितळेचा भरीव तुकडा साधारण ८५० ग्रॅमचा असतो, जस्ताचा ६६० च्या आसपास. वस्तू पोकळ असेल तर आत हवा अडकू देऊ नका, नाहीतर हिशोब चुकतो. ही परीक्षा प्रत्येक वस्तूची करायची नाही. अडलेल्या वस्तूची करायची.

पारख झाली की सोडवणी. नळातून लोखंडी स्क्रू, रबरी वॉशर, प्लॅस्टिकचा भाग काढा. कुलपातून स्प्रिंग काढा. विजेच्या प्लगमधून पितळेच्या पिना काढा. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, छिन्नी, हातोडी एवढी हत्यारे पुरतात. छिन्नी मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पितळेची कपची डोळ्यात गेली की त्या दिवसाची कमाई डॉक्टरकडे जाते, आणि डोळा गेला तर जन्माची जाते.

सोडवायचे नाही असेही काही असते. जुन्या मोटारींच्या रेडिएटरमध्ये टाक्या आणि नळ्या पितळेच्या, मधल्या पट्ट्या तांब्याच्या, आणि जोड शिसे-कथलाच्या डागाचे. तो तसाच अखंड, रेडिएटर म्हणून विका. बाजूचे लोखंडी पट्टे मात्र काढा. डाग वितळवून सोडवायला जाल तर शिशाचा धूर घ्याल. गॅसच्या सिलिंडरची तोटी कधीही उघडू नका. आणि काडतूस सापडले, रिकामे आहे की भरलेले कळत नसेल, तर हात लावू नका. तिथून दूर व्हा आणि पोलिसांना कळवा. पितळेच्या चार ग्रॅमसाठी बोटे घालवू नका.

भांड्यांचे वेगळे सांगतो. जुना हंडा, घंगाळ, समई, तांब्या-पितळेची कळशी मोडीत टाकण्यापूर्वी दोनदा बघा. वस्तू अखंड असेल, बुड फुटले नसेल, तर ती वस्तू म्हणून विकली जाते. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीने ठोकून घडवलेल्या भांड्यांना आजही गिऱ्हाईक आहे. हातघडीच्या कामाचे मोल मोडीच्या वजनात येत नाही. ज्या भांड्याला आत कल्हई आहे त्यावर कथील असते. ते बाकीच्या पत्र्यात मिसळू नका, वेगळा ढीग करा.

लेथच्या किसाचे गणित आणखी वेगळे. बंगळूर हे यंत्रांचे शहर. इथे १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली, १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स. त्यांच्याभोवती लहान लहान कारखान्यांचे जाळे वाढले, पीण्यात तर गल्लोगल्ली लेथ. तिथून पितळेचा कीस निघतो. हा कीस एकाच सळईचा असेल तर तो उत्तम माल. त्याचे मिश्रण ठरलेले असते, तो पुन्हा सळईलाच जातो. पण त्याच झाडूने लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा कीस गोळा केला की सगळा नासला. म्हणून कारखान्यात झाडणाऱ्या कामगाराशी बोला. प्रत्येक यंत्राखाली वेगळा डबा ठेवायला सांगा. पोत्यावर चिठ्ठी बांधा: कोणता कारखाना, कोणती सळई, कोणती तारीख. अमेरिकेत २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळांतले शिसे जवळजवळ काढून टाकण्याचा कायदा लागू आहे. निर्यातीचे काम करणाऱ्या कारखान्यांत शिसेविरहित पितळही वापरतात. शिशाचा कीस त्यात मिसळला तर दोन्हींचा उपयोग गेला. चिठ्ठी असेल तर ते टळते.

किसात तेल आणि पाणी असते. व्यापारी त्यासाठी घट धरतो, आणि घट नेहमी अंदाजाने, म्हणजे त्याच्या बाजूने धरली जाते. चाळणीवर किंवा भोके पाडलेल्या डब्यात उतरत्या जागी एक-दोन दिवस ठेवा, तेल निथळून खाली दुसऱ्या डब्यात येऊ द्या. ते तेल गटारात सोडू नका. मग किसात चुंबक फिरवून लोखंड काढा. जवळ विडी-काडी नको.

आता सफाईविषयी, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पुष्कळ जण विचारतात, "चिंचेने घासू का? ॲसिडमध्ये बुडवू का? चकचकीत केले तर भाव जास्त मिळेल?" माझे उत्तर: नाही. देवघरातली समई चिंचेने घासा. मोड घासू नका. भट्टीत काळे पितळ आणि लखलखीत पितळ सारखेच वितळते. व्यापारी पैसे देतो ते आत परका धातू, रबर, माती, तेल नसण्याचे, चकाकीचे नाही. माती असेल तर ओल्या ब्रशने, साबणाच्या पाण्याने काढा, उन्हात वाळवा. एवढी सफाई पुरे. नायट्रिक ॲसिडमधून तपकिरी धूर निघतो, तो फुप्फुसे जाळतो. रबर, प्लॅस्टिक जाळून पितळ काढण्याने धूर तुमच्या आणि शेजारच्या लेकरांच्या छातीत जातो, आणि जळका माल व्यापारी कमी भावानेच घेतो.

घरी वितळवून लगडी पाडण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्या. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पितळ साधारण त्याच तापमानाच्या आसपास वितळते. म्हणजे पितळ वितळले की जस्ताचा पांढरा धूर आलाच. बेळगावच्या ओतकामात मी तो धूर घेतला आहे. काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत उतरतो आणि माणूस पुन्हा कामावर जातो. आम्हाला गूळ आणि दूध देत असत. गुळाने धूर उतरत नाही, बंधूंनो. धुराड्याने आणि पंख्याने उतरतो. शिवाय लगडीत काय आहे ते कोणाला दिसत नाही, म्हणून लगडीला संशयाचाच भाव मिळतो. ओळखता येणारा तुकडा जास्त किमतीचा आहे.

शिशाविषयी एक वाक्य भगिनींसाठी खास, आणि बंधूंसाठीही. पितळेची धूळ हाताला राहते, त्यात शिसे असते. निवडताना खाऊ नका, उठल्यावर साबणाने हात धुवा, कामाचे कपडे वेगळे ठेवा, स्वयंपाकाच्या जागी निवडायला बसू नका. लहान मुलांच्या मेंदूला शिसे सर्वांत घातक असते.

आता हिशोब करू. भाव रोज बदलतात, म्हणून मी सोपे आकडे धरतो. ते फक्त प्रमाण समजण्यासाठी आहेत. समजा निवडलेल्या पितळेला किलोला १०० मिळतात आणि मिसळीला ७०. वीस किलोंचे मिसळ पोते दिले, १४०० मिळाले. तेच पोते निवडले: पितळ १५ किलो, जस्ताच्या मुठी ३ किलो, लोखंड दीड किलो, रबर-प्लॅस्टिक अर्धा किलो. पितळेचे १५००, जस्ताचे किलोला ३० धरून ९०, लोखंडाचे किलोला ६ धरून ९. एकूण १५९९. म्हणजे १९९ जास्त, साधारण चौदा टक्के. त्यात दोन-तीन किलो गनमेटल निघाले तर आणखी वर.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. हे निवडायला तीन-चार तास गेले, तर ते तास त्या १९९ मध्ये मोजायला हवेत. तेवढ्या वेळात फेरी मारून जास्त मिळत असेल तर निवडणे तोट्याचे. आणि तीन किलोंचा निवडलेला माल घेऊन एकटी बाई गेली तर व्यापारी म्हणतो, "एवढ्याशा मालाला वेगळा भाव कुठला?" इथे एकट्याची हुशारी संपते. दहा जणांनी माल एकत्र केला, एकाच पद्धतीने निवडला, महिन्यातून एकदा दोनशे किलो नेला, तर व्यापारी उठून उभा राहतो. आणि आधी दोन-तीन दुकानांत भाव विचारून मगच पोते उतरवा. उतरवलेले पोते पुन्हा उचलणे जड जाते, हे व्यापाऱ्यालाही माहीत असते.

एकत्र येणे म्हणजे काही नवे नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. इथे बंगळुरात तेव्हाच्या महानगरपालिकेने २०११ मध्ये कचरावेचकांना ओळखपत्रे द्यायला सुरुवात केली. पुढे हसिरु दळा ही संस्था या कामात आली आणि प्रभागांतली सुक्या कचऱ्याची केंद्रे चालवण्यात कचरावेचकांना वाटा मिळाला. २०१६ च्या घनकचरा नियमांत 'कचरावेचक' या शब्दाची व्याख्या झाली. ही ओळख पितळेच्या कामात फार उपयोगी आहे, कारण नळ आणि मीटर चोरीला जातात, आणि पहिला संशय पोतेवाल्यावर येतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून, घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून एकाच वेळी वीस नवे मीटर कोणी आणून दिले तर घेऊ नका. बाकी मालाची वही ठेवा: तारीख, कोणत्या गल्लीतून, किती वजन. ओळखपत्र सोबत ठेवा. ही वही तुमची ढाल आहे.

काट्याविषयीही बोलले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची तपासणी आणि मोहोर दरवर्षी व्हावी लागते. मोहोर बघायला लाजू नका. घरून निघताना वजन करून निघा. आणि कोणी "जीएसटी कापतो" म्हणाला तर विचारा: १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूची मोड घेतली तर कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. ते गणित त्याचे आहे, तुमच्या पोत्यातून कापण्याचे नाही.

शेवटी अक्कांचे सांगतो. पुढच्या वेळी आम्ही पाच घरांचा माल एकत्र केला. अक्कांनी स्वतः एकेक नळ सोडवला. जॉली मोहल्ल्यात पोते ओतले, व्यापाऱ्याने चुंबक काढले आणि फिरवले. काहीच चिकटले नाही. त्याने पुन्हा एकदा, सावकाश फिरवले. अक्कांनी आपल्या कमरेची पिशवी सोडली, स्वतःचे चुंबक काढून त्याच्या ढिगाऱ्याशेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "आमचे घरी फिरवून झाले आहे." भाव निवडलेल्या मालाचा मिळाला. फी भरली गेली, उशिरा, पण भरली.

तेव्हा आज इथून जाताना एकच काम करा. घरी गेल्यावर पोत्यातला एक नळ घ्या, त्याचा स्क्रू काढा, आणि उद्या शेजारणीला बोलावून तिलाही दाखवा.